दरामद, बरामद आणि नाकेदारमामा

जगात दोनच गोष्टी घडतात, असं आमच्या पिंगळीच्या नाकेदारमामांचं ठाम मत होतं: काहीतरी आत येतं, नाहीतर काहीतरी बाहेर जातं. आत येईल ते दरामद, बाहेर जाईल ते बरामद. निजामाच्या अमलातले हे दोन शब्द त्यांच्या जिभेवर असे बसले होते, की गावात पोर जन्मलं तरी पेढा तोंडात टाकून ते म्हणत, "दरामद!" आणि तिरडी निघाली की टोपी काढून पुटपुटत, "बरामद." त्यांच्या बायकोलाही, म्हणजे मामींनाही, हा रोग जडला होता. स्वयंपाकघरात मांजर शिरलं की त्या आतूनच ओरडत, "अवो, दरामद झाली, हाकला!"

मामा करोडगिरीच्या नाक्यावर होते. हैदराबाद राज्यात बाहेरून माल आला तरी जकात, बाहेर गेला तरी जकात. ती वसूल करणारं खातं म्हणजे करोडगिरी. निजाम गेला तरी नाका काही वर्षं तसाच राहिला. स्टेशनाबाहेर एक पत्र्याची खोली, पुढे आडवा बांबू आणि बांबूमागे मामा.

आमची ओळख त्या बांबूपाशीच झाली. मी अकोल्याकडची, म्हणजे राज्याबाहेरची. लग्न होऊन, पूर्णेला गाडी बदलून पिंगळीला उतरले, तर मामांनी माझं रुखवतच अडवलं. "घरचं खानं हाय का इकायचा माल, हे चाखल्याबिगर कसं कळायचं?" असं म्हणत त्यांनी प्रत्येक डब्यातला एकेक लाडू खाल्ला. चकलीपाशी त्यांचा संशय बळावला, म्हणून चार खाल्ल्या. सासरे घाम पुसत उभे, नवरदेव बांबूला टेकून पेंगत होते. शेवटी मामांनी एक करंजी उचलली, दातांनी फोडायचा प्रयत्न केला आणि माझ्याकडे वळले. "ही तू केलीस?" मी मान हलवली. "मग इकायची न्हाई. असली करंजी कोन इकत घील? जकात माफ!"

तोवर रडवेली झालेली मी खुदकन हसले. सासरच्या गावातलं माझं ते पहिलं हसू. पुढे मामांचं घर हेच माझं माहेर झालं, आणि चांगली करंजी मला शिकवली ती मामींनी.

मग एक दिवस सरकारनं करोडगिरी उठवली. कापडाचे गठ्ठे बिनजकातीचे आत येऊ लागले आणि आमच्या शेंगा बिनजकातीच्या बाहेर जाऊ लागल्या. शेंगांना भाव मिळाला म्हणून माझ्या दिरांनी सायकल घेतली. सासूबाई मात्र करवादल्या, "लुगडं सवंग झालं, पन शेंगा समद्या भाईर गेल्या, फोडनीला तेल न्हाई! लुगडंच तळू का आता?" कापडवाल्यानं पेढे वाटले. गावचा कोष्टी मात्र मामांपुढे हात जोडून उभा राहिला, "सायेब, मिलच्या मालापुढं माझा माग बसायलाय. लावा की पुन्ना नाका." मामांनी कापडवाल्याचा पेढा कोष्ट्याला दिला.

नाका उठला, पण मामा उठले नाहीत. ते रोज बांबूपाशी बसत. गंमत म्हणजे गाड्याही थांबत. बैल आपोआप उभे राहत आणि गाडीवान उतरून पोती सोडून दाखवत. न थांबता जायची कुणाची छातीच होईना. मामींनी बाजारातून नव्या कपबश्या आणल्या, तर मामा म्हणाले, "बिनजकातीच्या कपातला च्या अंगी लागत न्हाई." आठ दिवस ते लोट्यातून चहा प्यायले. नवव्या दिवशी मामींनी चहाच बंद केला, तेव्हा कुठे कपाला तोंड लावलं.

पण हसण्यावारी नेण्यासारखं सगळं नव्हतं. औरंगाबादेला दुसऱ्या खात्याच्या कचेरीत महिन्याच्या आत रुजू व्हा, असा हुकूम आला होता. गेले नाहीत तर नोकरीही जाणार आणि पेन्शनही. मामांनी हुकूम खिळ्याला अडकवला. "सरकारला चूक उमगंल. मग मलाच हुडकत येतील." तीन दिवस उरले, तेव्हा मामी डोळ्यांना पदर लावून माझ्याकडे आल्या. "तू सांगून बघ. म्हातारपनी खायचं काय आमी?"

मी बांबूपाशी गेले. "मामा, कुणी सोडवून न नेलेला माल नाक्यावर किती दिवस ठेवायचे?"

"म्हैनाभर."

"मग?"

"मग वरच्या कचेरीला रवाना. कायदाच हाय तसा."

"आणि तुम्हाला इथं पडून किती दिवस झाले?"

सरकारशी मामा भांडले असते, पण कायद्याशी त्यांना भांडता येत नव्हतं. त्यांनी खोलीतल्या खणातून एक जुना छापील कागद काढला आणि लिहिलं: 'माल: नाकेदार, नग एक. हालत: जुनी, पण चालू.' किमतीपाशी त्यांची लेखणी थांबली. कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, "आपल्याच मालाची किंमत आपुन लावू न्हाई. तू लिव्ह."

मला किंमत काही लिहवली नाही. मी लिहिलं, 'परत आणण्याच्या बोलीवर.'

त्यांनी ते वाचलं, चष्मा पुसला. "आसं लिव्हलं की जकात लागत न्हाई," ते म्हणाले. "लय शानी झालीस." तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दोघं गेली.

त्यांना पाठवलं ते मीच. पेन्शन मिळाली, आणि त्यांच्या माघारी मामींचं म्हातारपण तिच्यावरच निभावलं. मी केलं ते बरोबरच केलं. पण मामा परत आले नाहीत. एका सरकारी कागदावर मी खोटं लिहिलं, ही रुखरुख अजून जात नाही.