घोरपडीने मागे पाहिलं नाही

तुम्ही कधी घोरपडीचं कौतुक केलंय? शेजारच्यांचा पिंजऱ्यातला पोपट सकाळी "मिठू मिठू" करतो, सगळे हसतात, आणि मला लहानपणीचा जिवती गावचा बाजार आठवतो.

तिथे एक माणूस पिंजऱ्यात पोपट आणि बाहेर, शेपूट दोरीने गळ्याशी बांधलेली घोरपड विकायला घेऊन बसला होता. आम्ही पोरं पोपटाला मिरची देत होतो. मोहफुलं विकायला आलेली माझी आत्या मात्र घोरपडीपाशी वाकली. आमच्या कुळात घोरपड मारत नाहीत, ती आमचं देवक, भाऊबंदच.

"तेल काढाले हाये ते, बाई," माणूस म्हणाला. "तुमचा भाऊ लागते काय?"

"लागते. राखी तेवढी बांधाची राह्यली," म्हणत, तो उठायच्या आत आत्याने विळ्याने दोरी कापली आणि पिंजऱ्याचं दारही उघडलं.

पोपट बाहेर आला, पिंजऱ्यावरच बसला आणि "मिठू" म्हणाला. घोरपड लंगडत, पण मान वर ठेवून सागाच्या पाल्यात शिरली. तिने मागे पाहिलं नाही म्हणून तेव्हा मी रुसले होते. आज मला तीच पाठमोरी चाल सुंदर वाटते. पोपटही सुंदर होता, पण आपले शब्द शिकवून आपण त्याला रान विसरायला लावलं होतं.

वाटेत घोरपड दिसली तर तिला धरायला कुणाला हाक मारू नका. थांबा, तिला जाऊ द्या.