मयत नसलेला दहावा

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येते, आणि हसू ओसरले की छाती जरा पुढे येते. खोटे कशाला बोलू? नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगली पाहिल्या. निवृत्तीच्या समारंभात सहकारी त्याच गोष्टी सांगत होते. पण ज्या प्रकरणात ना आरोपी होता ना मुद्देमाल, आणि शेवटी एकही गुन्हा दाखल झाला नाही, त्याचाच मला सगळ्यांत जास्त अभिमान आहे. यातल्या कुणाचेही नाव मी देणार नाही. त्यांची मुलेबाळे अजून त्याच काठावर राहतात.

नामांतराची वर्षे होती ती. परभणी जिल्ह्यात, गंगाखेडच्या बाजूला नदीकाठच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. तिकडे गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला होता. कुठे वस्त्या जळल्या होत्या, कुठे माणसे गाव सोडून गेली होती. आमचा इलाका शांत होता, पण ती शांतता कधी मोडेल याचा नेम नव्हता. जिल्हाधिकाऱ्यांनी जमावबंदी लावली होती. पाच किंवा त्याहून जास्त माणसांनी एकत्र जमायचे नाही. कोतवालाने गावोगाव दवंडी दिली, "पाच मानसं जमायची न्हाईत हो, लगीन आन् मयत सोडून!" आदेश चांगला दोन पानी होता, पण दवंडीत एवढाच मावला.

एका सकाळी हजेरी संपवून मी शिपायांना बंदोबस्ताच्या जागा वाटून देत होतो. तेवढ्यात जवळच्या गावच्या घाटावर बसणारा न्हावी धोपटी काखेत मारून ठाण्यात आला. चेहरा रागाने लाल.

"साहेब, इन्साफ करा."

"काय झालं?"

"घाटावर दहाव्याला लोक बसलेत. मी वस्तरा पाजवून गेलो, तर म्हनतात आज नगं. एकानंबी डोकं केलं न्हाई. पिंड न्हाई, भटजी न्हाई. कावळे बसून बसून कटाळून उडून गेले."

"मग त्यात पोलिसांनी काय करायचं?"

"माह्या धंद्याचं जाऊ द्या, साहेब. पर गावात कोनी मेलंच न्हाई! मेलं असतं तर मला ठावं नसतं का?"

मी हातातला कागद खाली ठेवला. कोण कोण बसले आहे ते विचारले. त्याने सांगितले, नावाडी आहेत, घाटावरचे हमाल आहेत, गावठाणातले आहेत आणि दलित वस्तीतलेही आहेत. त्या दिवसांत ही दोन्हीकडची माणसे एकत्र बसली आहेत असे ऐकले की पोलिसाला आनंद नंतर व्हायचा, शंका आधी यायची. दहावा आहे आणि मयत नाही, याचा मी लावलेला अर्थ एकच. कुणीतरी मारले गेले आहे, प्रेताची विल्हेवाट लागली आहे आणि दोन्ही बाजू मिळून ते दाबत आहेत. अशी एक बातमी फुटली असती तर तालुका पेटला असता. हवालदाराला आणि शिपायांना घेऊन मी तडक जीप काढली.

घाटावर दहा माणसे गोल करून बसली होती. नऊ पुरुष आणि एक बाई. जीप दिसताच एका धिप्पाड नावाड्याने मोठ्याने गळा काढला. त्याचे पाहून बाकीच्यांनीही काढला. पण रडण्यातही एक सराव लागतो हो. डोळे कोरडे आणि तोंड मात्र उघडे, असे रडणे मी कोर्टाच्या आवारात पुष्कळ पाहिले होते. बाई तेवढी गप्प बसून नदीकडे पाहत होती. सगळ्यांना ठाण्यावर आणले.

चौकशीचा पहिला नियम असा की माणसे वेगवेगळी बसवायची. आरडाओरडा, दमदाटी नंतर, आणि खरे तर तिची गरजच पडत नाही. मी एकेकाला आत बोलावून एकच प्रश्न विचारला, "कोण मेलं?"

धिप्पाड नावाडी म्हणाला, "त्या म्हाताऱ्या नावाड्याची बायको, साहेब. लय चांगली होती."

म्हातारा नावाडी आत आला. तो म्हणाला, "ह्या धिप्पाड गड्याचा चुलता गेला."

एक हमाल म्हणाला, दुसऱ्या हमालाची सासू गेली. दुसरा म्हणाला, पहिल्याचा मेहुणा. मी वैतागलो. नऊ जणांच्या जबाबात मिळून अर्धे गाव मेले होते. हवालदाराने विचारले, "साहेब, पंचनामा नेमका किती जनांचा करायचा?"

इतक्यात ठाणे अंमलदार आत आला. हसू दाबताना त्याच्या मिशा थरथरत होत्या. "साहेब, ते मयत भायेर आलंय. पुतन्याला कामून धरलं म्हून भांडायलंय."

धिप्पाड नावाड्याचा चुलता होता तो. आपल्याला म्हाताऱ्याने मारले आहे हे कळल्यावर तो म्हाताऱ्याच्या अंगावर धावून गेला. त्याला शिपायांनी आवरले. त्या गोंधळात मला पहिल्यांदा नीट दिसले की या जबाबांत एक सूत्र आहे. प्रत्येकाने दुसऱ्याच्याच घरातले माणूस मारले होते. खोटे बोलायचे ठरवून आलेली माणसे होती ती, पण आपल्या घरातले कुणी मेले असे म्हणायला एकाचीही जीभ वळली नव्हती. खून पचवणारा माणूस इतका भित्रा नसतो. माझ्या मनातला खून तिथेच संपला.

मग बसले कशाला होते? ते कुणी सांगेना. शेवटी बाईला बोलावले. चाळिशीची असेल, पदर डोक्यावर, तळहात पुरुषांसारखे घट्टे पडलेले. तिलाही मी तोच प्रश्न विचारला.

"माहा मालक मेलाय, साहेब," ती म्हणाली.

"कधी?"

"चार वर्सं झाली."

मी तिला बाकावर बसायला सांगितले. तीच पुढे सांगू लागली. गावच्या नावेचा ठेका एका बड्या माणसाकडे होता. नावा त्याच्या, वल्ही मारणारे हे. पाणी चढले होते त्या दिवशी ठेकेदाराने नावेत माणसे भरली, पोती भरली, वर एक बैलजोडी चढवली. तिचा नवरा नको म्हणाला. ठेकेदार म्हणाला, चालवायची तर चालव, न्हाईतर वल्हं खाली ठेव. मधल्या धारेला बैल बुजले आणि नाव कलंडली. तिच्या नवऱ्याने दोघांना काठाला लावले आणि तिसऱ्यासाठी परत गेला, तो आलाच नाही. तेव्हापासून त्याच्या जागी वल्हे ती मारत होती, त्याच ठेकेदाराच्या नावेवर.

"आजबी नाव तशीच भरायलेत, साहेब. मी नगं म्हनले तर मलाबी तेच ऐकू येतंय. म्हून आमाला आमची सोसायटी काढायचीय."

"कशाची सोसायटी?"

"नावेची."

मग सगळा उलगडा झाला. ठेक्याची मुदत संपत आली होती. नावाड्यांची नोंदलेली सहकारी संस्था असेल तर ठेका देताना तिचा विचार आधी होतो, असे तिला सहायक निबंधकांच्या कचेरीत कुणीतरी सांगितले होते. त्यासाठी वेगवेगळ्या दहा घरांतली दहा माणसे हवीत, त्यांनी एकत्र बसून सभा घ्यावी, मुख्य प्रवर्तक निवडावा, ठराव करावा, मग संस्थेचे नाव राखून घ्यायचे, बँकेत खाते काढायचे आणि प्रस्ताव दाखल करायचा. दहा घरे तिने उंबरे झिजवून गोळा केली होती. नाव दोन्हीकडची माणसे बुडवते, म्हणून दोन्हीकडची माणसे तिला येऊन मिळाली. पण दहांनी बसायचे कुठे? पाचांवर बंदी. ठेकेदाराला सुगावा लागला तर वल्ही हातातून जाणार. दवंडीत मुभा ऐकली ती लग्नाला आणि मयताला.

"मग लग्न का नाही काढलंत?" मी विचारले.

दाराशी उभा असलेला म्हातारा नावाडी म्हणाला, "लगीन म्हनलं असतं तर जेवायला समदं गाव आलं असतं, साहेब."

"आणि पिंड?"

"जित्या मानसाच्या नावानं पिंड ठिवायचा? न्हाई बा. तेवढं पाप नगं."

त्यांना समज देऊन सोडल्याची नोंद मी स्टेशन डायरीत केली. तिथेच थांबलो असतो तरी कुणी दोष दिला नसता. पण आदेशाची प्रत काढून मी पुन्हा वाचली, आणि मला राग आला. त्यात तिसरी सूट होती, नोंदणी झालेल्या संस्थांच्या कायदेशीर सभांना. म्हणजे साखर कारखान्याच्या संचालकांनी बसावे, बँकेच्या संचालकांनी बसावे. यांना मात्र नोंदणी झाल्याशिवाय बसता येणार नाही आणि बसल्याशिवाय नोंदणी होणार नाही. ज्याचे आधीच आहे त्याला मुभा आणि ज्याला नव्याने उभे राहायचे आहे त्याला मनाई, हा कुठला न्याय? आदेश काढणाऱ्याच्या मनात तसे नव्हते, पण कागदाचा अर्थ तोच होत होता.

दुसऱ्या दिवशी ठेकेदार स्वतः ठाण्यात आला. पांढरे धुवट कपडे, तोंडात पान. "साहेब, जमावबंदी मोडली म्हणे त्यांनी. गुन्हा दाखल करा. कायदा सगळ्यांना सारखा."

गुन्हा दाखल झाला की नोंदणीवर हरकत घ्यायला त्याला हत्यार मिळणार होते. मी म्हणालो, "सारखाच आहे. चार वर्षांपूर्वी नाव बुडाली तेव्हाचे कागद मी आजच मागवून घेतलेत. कायदा सारखा लावायचा तर सुरुवात कुठून करू?"

त्याने पान थुंकायला खिडकी शोधली आणि नमस्कार करून निघून गेला.

मी तहसीलदारांकडे गेलो. तालुक्याचे दंडाधिकारीही तेच. सगळी हकिगत ऐकून ते आधी पोट धरून हसले, मग गंभीर झाले. लेखी परवानगी दिली. दहा माणसे, एक सभा, पोलिसांच्या देखरेखीखाली. मी म्हणालो, मग ठाण्याच्या आवारातच घेतो.

हे ऐकून म्हातारा नावाडी गारठलाच. "बापजाद्यात कोनी ठान्याची पायरी चढलं न्हाई, साहेब. काल चढलो तीच लय झाली."

बाई त्याला म्हणाली, "मामा, काल धरून नेलं म्हून चढलाव. आज आपल्या कामाला चढायचं. चला."

ठाण्याच्या आवारात, लिंबाच्या झाडाखाली सतरंजी अंथरली. जिच्यावर एरवी शांतता समितीची बडी मंडळी बसत, त्याच सतरंजीवर हमाल आणि नावाडी मांडीला मांडी लावून बसले. मुख्य प्रवर्तक कोण, यावर सगळे एकमेकांकडे बघू लागले. पुढे झाले की ठेकेदाराचा रोष अंगावर येणार, हे प्रत्येकाला माहीत होते. मग म्हाताऱ्यानेच बाईचे नाव सुचवले. वस्तीतल्या हमालाने अनुमोदन दिले. बाई उठली आणि पदर सावरून म्हणाली, "मी हाय. पर उद्या कोनी माघार घेतली तर गंगेत ढकलीन." सभेत पहिल्यांदा सगळे मोकळे हसले.

तेवढ्यात फाटकाशी ठेकेदार आपला माणूस घेऊन हजर. त्यालाही सभेत बसायचे होते म्हणे, गावचा हितचिंतक म्हणून. ठाणे अंमलदाराने त्याला अदबीने सांगितले, "परवानगी दहाची हाय, मालक. तुमी अकरावे व्हायलाव. जमावबंदी हाय ना." एवढी नेमकी अंमलबजावणी त्याने नोकरीत दुसऱ्यांदा केली असेल असे मला वाटत नाही.

प्रस्ताव गेला. हरकती आल्या, हेलपाटे झाले, पण नोंदणी झाली आणि ठेका संस्थेला मिळाला. मी वर्दीत कितीतरी जमाव पांगवले. ते काम सोपे असते, काठी उगारली की माणसे पांगतात. सोपे नसते ते माणसांना एकत्र बसू देणे. कायदा मोडणारा माणूस समोर आला की त्याला कायद्यात राहून ते काम करायची वाट होती का, हे आधी बघायचे, ही सवय मला त्या बाईने लावली. पुढे मी जिथे जिथे गेलो तिथे ती सवय मला उपयोगी पडली.

बदलीचा हुकूम यायच्या थोडे आधी पलीकडच्या गावी जत्रेचा बंदोबस्त होता. मी हवालदाराला घेऊन घाटावर पोहोचलो तेव्हा संस्थेची नाव सुटायच्या बेतात होती. सवयीने मी सरळ चढलो. नाव सोडायला ती बाईच उभी होती.

"साहेब, उतरा," ती म्हणाली. "भरली."

हवालदार खेकसला, "अगं बाई, साहेब हायेत!"

"दिसायलेत की. साहेबाचे उपकार जन्मात फिटायचे न्हाईत. पर गंगा साहेबाला वळखत न्हाई." आणि तिने माझ्याकडे बघून हात जोडले, पण वल्हे काही हलवले नाही.

नावेतली माणसे श्वास रोखून बघत होती. एका म्हातारीने तर घाबरून उतरायला पाय उचलला. मी तिला बसायला सांगितले आणि स्वतः खाली चिखलात उतरलो. नाव पलीकडे गेली, रिकामी होऊन परत आली, तोवर मी काठावर उभा होतो. बूट भिजले होते आणि बंदोबस्ताला उशीर झाला होता. पुढे मला शौर्याबद्दल पदकही मिळाले. पण त्या काठावर उभा असताना जेवढा अभिमान वाटला, तेवढा पदक छातीवर लावतानाही वाटला नाही.