नकाशावरचं शहाड

परभणीहून गाडी सुटली तेव्हा मी अगदी निर्धास्त होतो. धाकट्या बहिणीला, सुनीताला, दोन स्थळं आली होती, एक बदलापूरचं आणि एक शहाडचं. मुलगे दोघेही चांगले. सुनीताचं म्हणणं एकच, "ताईच्या जवळ द्या." ताई उल्हासनगरात. मग बाबांनी लोकलच्या वेळापत्रकामागचा नकाशा काढला. कल्याणला रेघेचे दोन फाटे झाले होते. एका फाट्यावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर असे ठिपके सारख्या अंतरावर मांडलेले. शहाड दुसऱ्या फाट्यावर, पार वरच्या कोपऱ्याकडे. "ते तर कुठल्या कुठे राहिलं," बाबा म्हणाले आणि बदलापूर ठरल्यात जमा झालं. आमच्याकडे नकाशावर बोट ठेवलं की वाद संपतो. घर पाहून यायचं, मग होकार कळवायचा, एवढंच माझं काम.

कल्याणला गाडी बदलली. वेळ हाताशी होता म्हणून अंबरनाथला उतरून शिवमंदिर पाहिलं. कोरीव काम इतकं दाट की कुठे पाहावं तेच कळेना. उल्हासनगरहून अंबरनाथ बसल्या बसल्या आलं होतं, तेव्हा पुढचा ठिपका कितीसा लांब असणार? मुलाचं घर हेंद्रेपाड्यात, बदलापूर पश्चिमेला, म्हणून मीही पुलावरून पश्चिमेला आलो आणि चालायला लागलो. बुवापाड्यात नळावर एक बाई हंडा भरत होत्या.

"मावशी, बदलापूर याच रस्त्यानं ना?"

"चालत? येडा झालास का दादा? जा, ट्रेन पकड."

मी नकाशा पुढे केला. "हे काय, बाजूलाच तर आहे."

"असेल बाबा तुझ्या कागदात," म्हणून त्या हसल्या आणि हंडा कमरेवर घेऊन गेल्या. मी चिडलो, पण स्टेशनवर परत आलो.

बदलापूरची गाडी सुटली ती थांबेचना. बाहेर मोकळं गवत, मागे डोंगर. चुकीच्या गाडीत बसलो की काय, म्हणून शेजारच्याला दोनदा विचारलं. तो म्हणाला, "आता येईल की." म्हणजे नेमकं काय, ते मला समजलं नाही.

हेंद्रेपाड्यातलं घर मात्र छान निघालं. मुलाच्या आईनं "जयभीम" करून पोहे पुढे ठेवले. "सुनीताला पोरीसारखी ठेवू," त्या म्हणाल्या.

"इथून उल्हासनगर जवळच ना?"

"जाता येतं की, रविवारी वगैरे."

जवळ, तर मग रविवारीच का? त्या रविवारानं माझं डोकं पार चक्रावलं. होकार तिथेच द्यावासा वाटत होता, पण "घरी बोलून कळवतो" म्हणून उठलो.

दुपारी उल्हासनगरात, ताईच्या कॅम्प नंबर तीनला पोचलो. गल्लीत दुतर्फा जीन्स टांगलेल्या, मधून शेअर रिक्षांची चेंगराचेंगरी. ताईच्या दाराला कुलूप. शेजारच्या सिंधी काकींनी मला बसवून घेतलं आणि दाल पकवान (कडक तळलेल्या पुरीबरोबर चणाडाळ) वाढलं.

"खाओ भैया. दीदी शहाड गयी है, आती ही होगी."

"शहाड?" माझा घास हातातच राहिला. "वो तो दुसरी लाइन पे है!"

"लाइन का क्या काम? रिक्षा जाती है ना."

आणि खरंच, पकवान संपायच्या आत ताई रिक्षातून उतरली. काखेत जीन्सचा मोठा गठ्ठा. मला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

घरात गेल्यावर तिनं गठ्ठा आधी पलंगाखाली सरकवला. भाऊजींची कंपनी बंद पडली होती. ताई शहाडहून जीन्स आणायची, त्यांचे सुटे धागे कापायची आणि परत पोचवायची. बाबांना यातलं काही माहीत नव्हतं.

"ताई, मग शहाडचंच स्थळ जवळचं की! आधी का नाही बोललीस?"

"मला विचारलं कुणी? नकाशा बघितलात ना तुम्ही." मग ती खाली बघून म्हणाली, "बरंच झालं. सुनी जवळ आली तर रोज येणार, रोज बघणार. तू बाबांना सांग, शहाड लांब आहे."

मी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, माझं मलाच कळलं नाही.

परतीच्या गाडीत तोच घोळ डोक्यात चालू होता. एका रेघेवरचे ठिपके जवळचे वाटतात, दोन रेघांवरचे लांबचे. आम्ही अख्ख्या घरानं ते खरं मानलं होतं. पण ताईचं घर परभणीपासून नेमकं किती लांब गेलं होतं, ते कुठे बघायचं? मला फार वाईट वाटत होतं.

घरी पोचलो तर बाबा ओसरीतच होते. "बदलापूरला कळवू ना?"

"शहाडला कळवा."

"अरे, ते तर..."

"ताईच्या दारातून रिक्षा जाते बाबा." आणि मग कंपनीचं, धाग्यांचं, सगळंच सांगून टाकलं. ताई रागावेल, हे माहीत असून सांगितलं.

सुनीता दारात उभी राहून ऐकत होती. तिनं मुलाबद्दल काहीच विचारलं नाही, घराबद्दलही नाही.

"तो गठ्ठा," ती म्हणाली, "ताई एकटीच उचलते?"