घानाहून आणलेली अर्धी वाट

आधीच सांगते, घाना आमच्या कुठल्याच यादीत नव्हता. आमची यादी म्हणजे कधीतरी आइसलँड, जमलं तर ग्रीस, आणि दर डिसेंबरला न चुकता पुणे. पण जानेवारीत एका संध्याकाळी अबेना आमच्या किचनमध्ये येऊन बसली आणि तिचा चहा तसाच गार झाला.

अबेना इथे इंग्लंडात, रीडिंगमध्ये, आमच्यापासून तीन दारं सोडून राहते. इथल्या हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. तिची आई घानात वारली होती, त्याला सहा आठवडे झाले होते, आणि अंत्यविधी अजून व्हायचा होता. सहा आठवडे! माझ्या गोंधळाची सुरुवात तिथूनच झाली. आपल्याकडे संध्याकाळच्या आत सगळं उरकायची घाई. तिकडे माणसं जमेपर्यंत देह शवागारात ठेवतात. अबेनासाठी घरच्यांनी तारीख दोनदा पुढे ढकलली होती. पण तिचा व्हिसा वाढवायचा अर्ज अडकला होता, आणि निकालाआधी देश सोडला तर अर्ज बाद.

"मोठी मुलगी मी," ती म्हणाली. "माझ्या जागी कुणीतरी बसायला हवं गं."

"मी जाते," मी म्हणाले. मलाच नवल वाटलं.

"अगं, you don't even know them!" रात्री केदार, माझा नवरा, म्हणाला. "तिकडे जाऊन तू करणार काय exactly?"

ते मला ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की माझे बाबा गेले तेव्हा आमचाही अर्ज असाच अडकला होता, आणि मी त्यांना लॅपटॉपवर निरोप दिला होता. नेट सारखं बंद पडत होतं. अग्नी दिला तो क्षण मला दिसलाच नाही.

जाणाऱ्यांसाठी कामाचं: भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो, तो लंडनमध्ये मिळतो. पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड हाताशी ठेवा, विमानतळावर पासपोर्टच्या आधी तेच मागतात. मलेरियाच्या गोळ्या निघण्याआधीच सुरू करायच्या. हीथ्रोहून थेट विमान, साडेसहा तास. हिवाळ्यात गेलात तर घड्याळालाही हात लावावा लागत नाही, वेळ एकच. फक्त दार उघडलं की फेब्रुवारीत नागपूरचा मे.

अबेनाने बॅगेत तीन गोष्टी दिल्या होत्या. आईबरोबर ठेवायचं एक कापड, माझ्यासाठी काळा-लाल पोशाख, आणि ताकीद: शनिवारी, अंत्यविधीच्या दिवशी, पांढरं अजिबात नको, पांढरं आनंदाचं. मी खोदून खोदून सगळं विचारून घेतलं. आता आपण चुकणार नाही, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

राजधानी अक्राहून कुमासी शहराची एसी बस घेतली. तिकीट रीडिंग स्टेशनवरच्या दोन सँडविचेसच्या भावात. पहिला तासभर एक गृहस्थ उभे राहून प्रार्थना सांगत होते, आणि त्याच आवाजात त्यांनी पुढे पोटदुखीचं औषध विकलं. खिडकीबाहेर नजर जाईल तिकडे तरुण पोरं-पोरी. डोक्यावर पाण्याच्या पिशव्या, केळ्याचे वेफर्स, चार्जर, काय वाट्टेल ते. पेरूवालीसुद्धा मोबाइलवर पैसे घेते. देश गरीब म्हणावा तर हे असं, श्रीमंत म्हणावा तर मध्येच मैलोन् मैल लोखंडी सळया वर काढून उभी असलेली अर्धवट घरं. शेजारच्या बाई म्हणाल्या, "मालक परदेशात आहेत. दर वर्षी थोडं थोडं बांधतात. राहायला कोण येणार, देव जाणे." मला आमचा पुण्यातला बंद फ्लॅट आठवला आणि मी वेफर्स खायला लागले.

कुमासीपुढे अबेनाच्या गावापर्यंत तासाभराचा रस्ता, थोडा खड्ड्यांचा. कडेला चटयांवर कोको वाळत घातलेला. तिच्या आईच्या घरी अंगणात मला आधी बसवलं, पाणी दिलं. अबेनाचे मामा, ज्यांना सगळे वोफा म्हणतात, त्यांनी कशासाठी आलात असं रीतसर विचारलं. तेही थेट नाही, शेजारच्या एका माणसाकरवी. या लोकांत घराणं आईकडून चालतं, म्हणून मामाचा शब्द शेवटचा. मी म्हणाले, "अबेनाने पाठवलंय." कापड पुढे केलं. वोफांनी ते दोन्ही हातांनी घेतलं.

मग मी माती खाल्ली. हीथ्रोवर घेतलेला चॉकलेटचा मोठा डबा काढला. अंगण हसायला लागलं. "आमचंच पीक," वोफा म्हणाले, "विमानात बसून घरी आलं." सत्तरीचे हे गृहस्थ जन्मभर कोको पिकवत आले आहेत आणि त्यांनी एक चौकोन तोंडात टाकून तोंड वाकडं केलं. फार गोड म्हणे.

जेवायला चवळीची उसळ आणि तळलेली पिकली केळी. शाकाहाऱ्यांनी हेच मागावं, पण मासा घातलाय का ते तीनदा विचारावं. मी दोनदाच विचारलं.

मला सोबत म्हणून अबेनाची मावसबहीण अफिया दिली होती. तीही नर्स, पास होऊन सरकारी नेमणुकीची वाट बघत घरी बसलेली.

"गावच्या दवाखान्यात नर्स पुरतात?" मी विचारलं.

"कुठे पुरतात?"

"मग तू घरी का?"

"तेच मी विचारते," ती हसून म्हणाली. "रीडिंगला जागा आहेत का हो?"

आहेत म्हणावं तर या गावातली आणखी एक नर्स कमी. नाही म्हणावं तर मी कोण नाही म्हणणारी, मीही तशीच आलेली.

शनिवारी मांडव, लाऊडस्पीकर, शेकडो खुर्च्या. रडणं आणि नाच एकाच वेळी. नाचणाऱ्या बायकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पाय तालात होते. मी अबेनाच्या खुर्चीवर बसले. लोक रांगेने येऊन हातात हात देत होते, आणि दुपारपर्यंत मी खरंच रडत होते. कुणासाठी, ते विचारू नका. रविवारी चर्चमध्ये आभाराच्या प्रार्थनेला निघाले तर अख्खं गाव पांढऱ्या कपड्यांत! काळ्या-लाल पोशाखात मी एकटीच. विचारून ठेवलेलं सगळं शनिवारचं होतं.

सोमवारी पहाटे बस होती. सुतकाच्या घरातून निघताना आपण "येते" म्हणत नाही, निरोप घेत नाही, गुपचूप उठतो. आईने लहानपणापासून बजावलेलं. मी बॅग उचलली, झोपलेल्या घराला मनातल्या मनात नमस्कार केला आणि निघाले. एवढं तरी बरोबर केलं म्हणून समाधान वाटलं.

मंगळवारी रीडिंगला घरी पोचले तर अबेना दारातच उभी. डोळे सुजलेले.

"त्यांनी तुला काय केलं? कुणी अपमान केला का?"

"नाही गं! का?"

"तू रागावून निघून गेलीस असं म्हणतायत. वोफा कालपासून धड जेवले नाहीत. माझ्या आईच्या घरातून माझं माणूस न सांगता गेलं!"

ज्या कामासाठी गेले तेच मी मोडून आले होते. मी आपली रीत सांगितली. मग ती म्हणाली, "आमच्याकडे पाहुणा वाट मागतो. घरच्यांनी दिल्याशिवाय निघत नाही." आणि तिने वोफांना फोन लावला, स्पीकरवर.

मी माफी मागितली. अबेनाने पढवल्याप्रमाणे म्हणाले, "वोफा, मला वाट द्या."

पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज. "दिली. अर्धी."

"अर्धी का?" मी कुजबुजले.

"पूर्ण दिली तर संपली ना," अबेना म्हणाली. "उरलेली परत येण्यासाठी."

वोफा त्यांच्या भाषेत आणखी काहीतरी बोलले, आणि अबेना आमच्या किचनच्या फरशीवर बसून हमसून हमसून रडायला लागली. केदार पाणी घेऊन नुसताच उभा. शांत झाल्यावर तिने सांगितलं. "म्हणाले, सहा वर्षांपूर्वी इथून निघताना तुला दिलेली अर्धी अजून तशीच आहे. आई नसली तरी."

घाना कसा आहे, असं ऑफिसात सगळे विचारतात. मला अजून सांगता येत नाही. जितकं पाहिलं तितकं कमी कळलं. त्या रात्री मात्र मी पुण्याला आईला फोन केला आणि पहिल्यांदाच विचारलं, अग्नी दिला तेव्हा कोण कोण होतं. ती तासभर सांगत होती.

अबेनाचा व्हिसा अजून आलेला नाही. परवा चहा पिऊन ती निघाली आणि दारात थांबली. "वाट दे," म्हणाली.

तिचं घर तीन दारांवर. मी म्हटलं, "अर्धीच मिळेल."