जर्मनीची पीएचडी आणि आईचा एकच प्रश्न

मित्रांनो, आज दुपारी जर्मनीहून मेल आला. धानाच्या तुसाच्या राखेपासून सिमेंट बनवण्यावर पीएचडी करायला माझी निवड झाली. कितीतरी नकारांनंतर आलेला हा पहिला होकार. पण वाचून काहीच वाटलं नाही. ना हसू आलं, ना रडू.

इथे मूल या आमच्या गावी आई अंगणात तांदूळ निवडत होती. तिला सांगितलं.

"तिथी तुले कोण ओळखते?" तिने विचारलं.

"कोणीच नाई."

तिने तांदळातला एक खडा काढून फेकला. "मंग जाय. इथी सारेच ओळखतात, अन् रोज लग्नाचंच विचारतात."

मी तिच्याशेजारी बसले, अजूनही बधिरच आहे. आनंद असा उशिरा पोहोचतो का हो? तुमचं कधी झालंय असं?