पाण्यावर कोण बसणार

बाजार बंद करायला काही लागलं नाही. तहसीलचा कागद आला, कोतवालानं गावभर दवंडी दिली, आणि पुढच्या गुरुवारी मैदानात नुसत्या म्हशी बसल्या. उघडायचा कधी, ते मात्र कागदावर नव्हतं. ते आमच्यावर सोडलं होतं. आमच्यावर म्हणजे शेवटी माझ्यावर, हे आधी कळलं असतं तर मी सरळ रजा टाकून अनसिंगला माहेरी जाऊन बसले असते.

मी तेव्हा त्या बाजारगावच्या उपकेंद्रात नर्स होते. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता, रेशनवर अजून लाल मिलो, ती अमेरिकेची ज्वारी, मिळायचा, आणि आमचे सगळे कागद अकोल्याहून यायचे, कारण वाशीमचा जिल्हा व्हायला अजून बराच अवकाश होता. वय तेवीस. बौद्ध घरातली मी, बापानं मजुरी करून शिकवलेली. गावात मला खोली मिळाली नाही, म्हणून उपकेंद्राच्याच मागच्या खोलीत राहायची. लोक माझ्याकडून सुई टोचून घ्यायचे, बाळंतपणाला हाक मारायचे, आणि बाळंतपण झालं की मला चहा अंगणात, वेगळ्या कपात द्यायचे. मला राग यायचा, आणि मी तो चहा प्यायचेही. आता या वयात स्वतःलाच विचारते की बाई, राग होता तर चहा कायले पेली? थंडीचे दिवस असायचे, रात्रभर जागून काढलेली असायची, आणि चहा गरम असायचा, एवढंच आठवतं.

हगवण-उलटीची साथ आषाढात आली. आम्ही कागदावर गॅस्ट्रो लिहायचो, लोक मरी म्हणायचे. गावात चार माणसं गेली. बाजाराच्या मैदानाला लागून जी जुनी विहीर होती तिच्यात नाल्याचा पूर शिरायचा, आणि आजूबाजूच्या पंधरा खेड्यांची माणसं गुरुवारी तिचंच पाणी प्यायची. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकून टाकून माझे हात सोलवटले. शेवटी आमच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरसाहेबांनी विहिरीवर बाभळीच्या काट्या टाकायला लावल्या आणि बाजार बंद करा म्हणून वर लिहिलं. माझीही त्यावर सही होती. बरोबरच केलं होतं आम्ही, अजूनही मला तसंच वाटतं.

पण एक गोष्ट डोक्यातच आली नाही. आमच्या भागात मजुरी बाजाराच्या दिवशी मिळते. आठ दिवस निंदण करायचं, गुरुवारी मालकाकडून पैसे घ्यायचे, आणि तिथूनच ज्वारी, तेल, मिरची घेऊन घरी जायचं. मालक म्हणायचे, बाजारच नाही तर आमच्या भाजीपाल्याला, बकऱ्याला गिऱ्हाईक कुठलं, आणि आमच्याजवळ पैसा तरी कुठून येणार. ते खोटं बोलत नव्हते. बाजार बंद म्हणजे मजुरीही बंद, हे कागद काढणाऱ्या साहेबाला सुचलं नसेल, समजू शकते. पण मला का सुचलं नाही? मी तर त्याच मजुरीच्या भाकरीवर वाढलेली.

ते मला मावशीच्या घरी कळलं. नाल्यापलीकडे दोन कोसांवर दहाबारा बौद्ध घरांची वस्ती होती, माझ्याच हद्दीत. तिथली ही मावशी नात्यानं माझी कोणी नव्हती, पण वस्तीवर गेले की जेवण तिच्याकडे, हे ठरलेलं. बोलायला एकदम रोखठोक. आमच्या सरपंचांच्या शेतात ती निंदायला जायची. तिची मुलगी पहिल्या बाळंतपणाला आलेली होती, आठवा लागलेला. बंदीच्या तिसऱ्या आठवड्यात मी गेले तर मावशीनं ताटात मिलोची एक भाकरी आणि मीठ-मिरची वाढली आणि म्हणाली, आमचं झालं, तू जेव. पोरगी दाराशी बसून माझ्या ताटाकडे पाहत होती. मी नर्स होते, आठव्या महिन्यातली बाई जेवलेली आहे की उपाशी, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. अर्धी भाकरी मी तिला दिली. तिनं नाही म्हटलं नाही. मावशीनं तोंड फिरवलं.

परत येताना नाला ओलांडताना मी ठरवलं की बाजार उघडायचा. आणि नाला ओलांडून झाल्यावर भीती वाटली की परत मरी आली तर? त्या दोन कोसांत माझं मत कितीदा फिरलं, देवाला मानत असते तर त्याची शपथ घेऊन सांगितलं असतं. नवीन पेशंट येऊन नऊ दिवस झाले होते. आणखी एक बाजार थांबलो तर साथ जवळजवळ नक्कीच सरली असती. पण आणखी एक बाजार म्हणजे त्या पोरीचे आणखी आठ दिवस. हे कोणत्या तराजूत टाकायचं? आणि लोक काय घरी बसले होते थोडेच? ज्यांना चालवत होतं ते शेलूबाजारच्या बाजाराला जाऊन तिथल्या गर्दीत मिसळून येतच होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेब जीप घेऊन आले. तरुण होते, तिकडे पुण्याकडचे, मनानं चांगले. उपकेंद्राच्या ओट्यावर ते, सरपंच आणि मी, अशी बैठक झाली. मी मावशीच्या घरचं सगळं सांगितलं, नाव न घेता. सरपंचांनी मान खाली घातली. त्यांनाही कळलं असेल ते घर कुणाचं. डॉक्टरसाहेब म्हणाले, ठीक आहे, उघडू, पण एका अटीवर. शाळेच्या विहिरीचं पाणी बैलगाडीनं आणायचं, पावडर टाकून तीन रांजण भरायचे, बाजारात दुसरं पाणी कोणी प्यायचं नाही. रांजणांवर नर्सबाई बसतील.

सरपंच कान खाजवायला लागले. मला लगेच समजलं. डॉक्टरांना नाही समजलं.

"सायेब, पानी ठेवा, दवाई टाका, सगळं करा," सरपंच म्हणाले. "पन पान्यावर दुसरं मानूस बसवू. बाईले मी काई म्हनून नाई राह्यलो. पन लोकं पेनार नाईत. नाल्यावर जातीन अन् तिथलं पेतीन. मंग काय फायदा?"

डॉक्टरसाहेब लालेलाल झाले. हा गुन्हा आहे म्हणाले, तक्रार करीन म्हणाले, कायदा काढला. सरपंच शांतपणे ऐकून घेत होते आणि मध्येच एवढंच म्हणाले की तक्रार करा, पण गुरुवारी पाण्याचं काय. तेही खरंच होतं. मग डॉक्टरांनी माझ्याकडे वळून सांगितलं की निर्णय तुमचा. दुसरं माणूस बसवायला तुम्ही नाही म्हणालात तर बाजार बंदच ठेवतो.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की काय सांगू. सरपंचांवर नाही, डॉक्टरांवर. सरपंचांचं काय, ते मला माहीतच होतं. पण या भल्या माणसानं सगळं उचलून माझ्या डोक्यावर ठेवलं आणि स्वतः मोकळा झाला. पाण्यासाठी आमच्या लोकांनी मार खाल्लेला, माझ्या बापानं खाल्लेला. आणि मी पाण्यापासून उठायचं, तेही स्वतःच्या तोंडानं? दुसरीकडे ती पोरगी माझ्या ताटाकडे पाहत बसलेली. मी म्हटलं, बसवा कोणालाही. बाजार उघडा.

त्या वेळी मला मोठं वाटलं, खोटं कशाला बोलू. आपण आपला अपमान गिळला, पण लोकांचं पोट आणि लोकांचा जीव दोन्ही सांभाळलं, असं काहीतरी. की फक्त समजूतदार दिसायचं होतं मला, अंगणातला तो चहा पितानासारखं? बापाला मी हे कधीच सांगितलं नाही. तो गेला, तेव्हाही नाही.

गुरुवारी बाजार भरला आणि बाई, काय भरला! लोक तीन आठवड्यांचे उपाशी असल्यासारखे एकमेकांना हाका मारत होते. बांगडीवाले आले, भजेवाल्यांनी कढया ठेवल्या, बकऱ्यांचा नुसता कालवा. पहाटेच रांजणांत पावडर माझ्याच हातानं टाकली होती. दवाई माझ्या हातची चालत होती, पेला नव्हता चालत, याचा अर्थ कुणाला लागत असेल तर मला सांगावा. चिंचेखाली रांजणांजवळ देवळातला एक म्हातारा तांब्या घेऊन बसला होता. मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला सुया टोचत होते. मधून मधून मान उंच करून पाहायची. लोक पाणी पीत होते, दवाईचा वास येतो म्हणून तोंडं वाकडी करत होते, पण पीत होते. नाल्याकडे कोणी जाताना दिसलं नाही. मला आनंद झाला. खरंच झाला.

दुपारी मावशी आणि तिची लेक दिसल्या. सरपंचांनी तिन्ही आठवड्यांची मजुरी मोजून दिली होती. दोघींच्या डोक्यावर ज्वारीची गाठोडी होती. मावशी लांबूनच हसली. ती हसणारी बाई नव्हती, म्हणून लक्षात राहिलं. मी पोरीला ओरडून सांगितलं, ओझं कमी घे वं, आठवा आहे तुले. तिनं हात हलवला. माझ्यापुढे टोचायची रांग होती, मी परत खाली मान घातली.

रविवारी वस्तीवरचा माणूस पळत आला की पोरीला रात्रीपासून हगवण चालू आहे, उलट्या पण. मी गेले तर डोळे खोल गेलेले, हात गार. तोंडानं काही पोटात राहत नव्हतं. बैलगाडीनं रस्त्यापर्यंत आणि तिथून डॉक्टरांच्या जीपनं तालुक्याच्या दवाखान्यात. बाटल्यांवर बाटल्या चढवल्या. पोरगी वाचली. पोटातलं नाही वाचलं.

वस्तीवर दुसरं कोणी आजारी पडलं नाही. बाजारगावातही नाही. तीन रांजणांनी काम केलं होतं. मग हिलाच का, हे मला समजेना. म्हणून दवाखान्याच्या व्हरांड्यात मी मावशीला विचारलं की गुरुवारी पाणी कुठलं प्यायल्या होत्या. ती भिंतीला टेकून बसली होती.

मग म्हणाली, "तुह्या रांजनावर गेलतो आमी. बाकीच्यायले पेल्यात देऊन राह्यला तो बुढा. आमचं पाहून त्यानं तांब्या वर धरला अन् मने, ओंजळ कर. दीक्षा घेतली तवापासून मी कोनापुढं ओंजळ नाई केली. पोरगी हात पुढं करून राह्यली होती, लय तहान लागली होती तिले. मीच तिचा हात वढला. घरी जाताना नाल्यावर पेली ते."

आमच्या माणसांना तो वरून पाणी ओतेल, हे मला सुचायला नको होतं का? मी फक्त माझ्या उठण्याचा विचार केला. मी उठल्यावर तिथे कोण बसेल आणि आमच्या लोकांना कसं देईल, तिकडे लक्षच गेलं नाही. मी मावशीला कसंबसं सांगायला लागले की मी बसले असते तर लोक पाणी प्यायले नसते, बाजार उघडला नसता, तुझ्या घरात दाणा नव्हता, पोरीचा आठवा होता, म्हणून मी उठले, तुमच्यासाठीच उठले. बोलता बोलता मला रडू यायला लागलं आणि स्वतःचाच संताप यायला लागला.

मावशीनं ऐकून घेतलं. "माह्यासाठी उठली?" ती म्हणाली. "मंग मले इचारलं असतं तं? आनखी एक बाजार काढला असता आमी. मिलो होता थोडासाक."

मी म्हटलं, चुकलं मावशी.

"चुकलं का नाई, ते मले बी नाई समजत. बाजार भरला नसता तं हिचं काय झालं असतं, कोनाले मालूम. पन तू मले इचाराले पायजे होतं, बाई."

तेवढ्यात डॉक्टरसाहेब कागद घेऊन आले. परवा गुरुवार होता. नवीन पेशंट एकच, ही पोरगी, आणि तीही बरी होत होती. वर कळवायचं होतं की बाजार भरवायचा की पुन्हा बंद करायचा, आणि भरवायचा तर पाण्यावर कोण. तुमचं काय मत, म्हणून ते माझ्याकडे पाहत उभे राहिले. मी विचारायला म्हणून मागे वळले, तर मावशी उठून आत पोरीजवळ गेली होती.