एकाच कानाची चमक

लासुर्ण्याच्या कुशाबाईचे हात मळका दागिना दिसला की शिवशिवायचे. गावात लग्न ठरलं की बायका डब्या घेऊन तिच्या ओसरीवर हजर. कोमट पाण्यात रिठ्याचा फेस करायचा, दागिना त्यात घटकाभर सोडायचा आणि लहान पोराच्या मऊ ब्रशनं मागच्या अंगानं हळूच घासायचा, एवढीच तिची विद्या. कुणी टूथपेस्टचं नाव काढलं की मात्र ती खवळायची. "सोन्याला चरं पाडता व्हय गं? ते काय दात हायेत?"

एक गिऱ्हाईक तेवढं तिला वश होत नव्हतं. बारामतीच्या विहीणबाई, म्हणजे सुनेची आई श्यामलाताई, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या कानांत सात-सात हिऱ्यांच्या कुड्या. पण तेल, साबण नि पावडर बसून हिरे पार साबुदाण्यासारखे झालेले. कुशाबाईनं दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा एकच उत्तर आलं. "हिऱ्याला घरगुती उपाय चालत नाहीत हो. ते सराफाचं काम."

सून दीप्तीच्या डोहाळेजेवणाला श्यामलाताई आदल्या दिवशीच मुक्कामाला आल्या. सकाळी आंघोळीला जाताना त्यांनी कुड्या काढून खिडकीतल्या वाटीत ठेवल्या. न्हाणीघराची कडी लागली आणि कुशाबाईच्या डोक्यात किडा वळवळला. दोन्ही धुतल्या तर बाई म्हणणार, माझ्या कुड्या पहिल्यापासूनच अशा! तिनं एकच उचलली.

ओटी भरायला श्यामलाताई वाकल्या तशी शेजारची भागूबाई म्हणाली, "आवो ताई, एकच कुडी नवी केली व्हय?"

श्यामलाताई आरशापुढं गेल्या. डावा कान लखलखतोय, उजवा मिणमिणतोय. त्यांचा चेहरा उतरला. "गेल्या वर्षी सराफाकडं फिरकी बदलली होती. त्यानं हिरेच बदलले की काय! विहीणबाई, जेवण झालं की निघू. तुम्ही चला साक्षीला."

कुशाबाई घाईघाईनं पाट मांडायला लागली. खरं सांगावं तर भरल्या घरात शोभा, न सांगावं तर सराफाच्या डोक्यावर आळ. दीप्तीनं सासूच्या बोटांचा वास घेतला आणि पदरात तोंड लपवून हसत सुटली. सांगितलं मात्र कुणालाच नाही.

बारामतीत सराफानं डोळ्याला भिंग लावलं. कुड्या उलटसुलट करून पाहिल्या. "ताई, दोन्ही अस्सल आहेत. उजवी मळलीय. डावी मात्र कुणीतरी फार निगुतीनं धुतलीय. रिठा दिसतोय."

श्यामलाताईंनी सावकाश मान वळवली. कुशाबाई छताचा पंखा बघत होती.

पायरीवर आल्यावर श्यामलाताई म्हणाल्या, "शाळेत असता तर अंगठे धरून उभं केलं असतं तुम्हाला."

"करा की. पन धुन्याला मार्क किती दिलं असतं, त्ये आधी सांगा."

बाईंनी ओठ दाबले, पण हसू फुटलंच. पदर डोळ्याला लावून त्या भर रस्त्यात हसल्या.

कुशाबाईला वाटलं, सुटले. श्यामलाताईंच्या घरी पोचल्यावर दुसरी कुडी तिनं चहा व्हायच्या आत चकचकीत करून दिली आणि एसटीची वेळ विचारली.

"एसटी कसली?" श्यामलाताई फोन ठेवत म्हणाल्या. "माझ्या चार बहिणी निघाल्यात. अंगठ्या, मंगळसूत्रं, सगळं घेऊन. साडी माझी नेसा."

कुशाबाई तिसऱ्या दिवशी लासुर्ण्याला परतली. बोटं सुरकुतलेली, अंगावर विहिणीची इरकल, आणि चेहऱ्यावर मुख्याध्यापिकेनं शिक्षा केल्याचं भलतंच समाधान.